शेपूट बाहेर

लून हार्बर,
४ नोव्हेंबर २०२३

ती. सिर्काताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वेलदोड्याचा पाव दोन्ही मिळाले. पाव पोस्टात वाळला, पत्र मात्र ताजं होतं. कॉफीत बुडवून पाव संपवला. डॉक्टरांनी टीव्ही-मोबाइलच्या पडद्याकडे बघायची बंदी केल्यापासून आणि डावा कान कायमचा संपावर गेल्यापासून पोस्टमन हाच माझा जगाशी संबंध. नवीन दात बसवल्याचं लिहिलंस, अभिनंदन. मागे फोनवर बोललो तेव्हा तुझा प्रत्येक 'स' शिट्टी वाजवत होता, माझ्या उजव्या कानालासुद्धा कळलं. आता रेफरीची नोकरी धर, शिट्टीचा खर्च वाचेल.

दुकान चालू आहे. 'चालू' म्हणजे उघडं असतं. आइस हॉकीच्या टीममधली जुनी मंडळी फोन करून चेष्टा करतात. बार्नी लोझिन्स्कीचं गाड्या धुवायचं केंद्र आहे, कप्तान लाफ्लॅम विमा विकतो, आणि गोलकीपर काय विकतो तर कॅसेटी. तेवीस वर्षं जे अंगावर येईल ते अडवलं, आता कोणीतरी आत यावं म्हणून दाराकडे बघत बसलाय, असं बार्नी म्हणतो. म्हणू दे. पण ट्रकवाले येतात, जुन्या गाड्यांत अजून कॅसेट लागते. श्रीमती आल्टो दर मंगळवारी येतात, लग्नातल्या वॉल्ट्झची तबकडी ऐकतात आणि काही न घेता जातात. मला त्यांची वाट बघायची सवय लागली आहे.

खरी बातमी पुढे आहे. जुनी रिंक पाडतायत. ऑर्गनच्या माळ्यावर बाबांच्या टेपची चौदा स्पुलं सापडली, तीच, रविवारी सकाळी रिकाम्या रिंकमध्ये सराव करताना ते टेप करायचे ती. ठेकेदार माझ्या खेळाचा चाहता निघाला म्हणून कचऱ्यातून वाचली. बंद पडलेल्या शाळेतलं एक स्पूलचं यंत्र माझ्याकडे होतंच. ते फक्त वाजवतं, टेप करायची सोयच नाही त्यात. आठवडाभर तीच ऐकतोय, सगळी अजून झाली नाहीत. ताई, गावातल्या मॅचला बाबा कागदाच्या गिरणीतल्या त्या तेलकट हातांनी ऑर्गन कसा वाजवायचे, मी विसरूनच गेलो होतो. तीन नंबरच्या स्पुलावर मी चक्क रडलो.

ऐकून झालं की प्रत्येक स्पूल नीट उलटं गुंडाळून शेगडीशेजारच्या शेल्फवर लावलंय. लहानपणी व्हिडिओच्या दुकानातून आणलेली कॅसेट उलटी गुंडाळल्याशिवाय परत केली तर आई कान धरायची. उष्टं ताट टाकून उठू नये, तसंच ते. हाडात मुरलंय. गंमत म्हणजे प्रत्येक खोक्यावर बाबांच्या अक्षरात एकच ओळ आहे, शेपूट बाहेर. कुठल्या चालीचं नाव आहे का हे? आणि अजून एक. दुसऱ्यांदा ऐकताना बाबांनी पट्टीवर बोट ठेवायच्या आधीच तोच सूर अगदी पुसट ऐकू येतो. पहिल्यांदा असं नव्हतं.

कळावे, लोभ असावा. रागवायचं असेल तर रागही पोस्टानेच पाठव.

तुझा,
वैक्को

*

थंडर बे,
१३ नोव्हेंबर २०२३

चि. वैक्को यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चालीचं नाव म्हणे! अरे, तू गोलात उभा राहून चकत्या अडवत होतास तेव्हा माळ्यावर बाबांची स्पुलं मी बदलत होते. शेपूट बाहेर म्हणजे टेपचं शेवटचं टोक बाहेर. वाजवून झालं की तसंच ठेवायचं, उलटं गुंडाळायचं ते फक्त ऐकायच्या आधी. टेपचा एक वेढा दुसऱ्याला चिकटून बसतो आणि मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. शेपूट बाहेर असलं की ती छाप खऱ्या आवाजाच्या मागे पडते, कोणाला कळतही नाही. तू गुंडाळून ठेवलंस तसं ठेवलं की ती पुढे येते. ऊब मिळाली तर आणखी. बाबा म्हणायचे, सावली मागे असली की माणूस चालतो, पुढे पडली की अडखळतो. तेव्हा तुझा तो पुसट सूर म्हणजे भूतबीत नाही, तुझा आगाऊ नीटनेटकेपणा आहे. घरात कधी मोजा जागेवर ठेवला नाहीस आणि नको तिथे शिस्त.

दातांची चेष्टा पुरे. शिट्टी अजून आहे. दुकानात साखर मागितली की मुली हसतात.

डोकं कसं आहे ते लिहिलं नाहीस. सकाळी दुखतं का? माणसांची नावं विसरतोस का? मी चौतीस वर्षं नर्स होते, माझ्यापासून लपवू नकोस. मुखवट्यावर किती चकत्या घेतल्यास ते मी मोजत नव्हते, पण आई मोजायची.

एक सांगायचं आहे. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीतलं एखादं स्पूल असेल तर त्यात वाजवणं कमी आणि बोलणं जास्त असेल. ते ऐकू नकोस. कारण भेटीत सांगेन.

लोभ आहेच, तो शेगडीजवळ ठेवू नये.

तुझी ताई,
सिर्का

*

लून हार्बर,
२७ नोव्हेंबर २०२३

ती. सिर्काताईस,
सा. न. वि. वि.

तिकडे बघू नकोस असं गोलकीपरला सांगितलं तर तो कुठे बघणार? ११ फेब्रुवारी १९७९, रविवार. खोक्यावर तारीख आहे. लावलं.

आता जे लिहितो ते शांतपणे वाच, मधेच नर्स होऊ नकोस. दुपारची वेळ, मी उभ्यानेच कॉफी ओतत होतो. बाबांनी पोल्काची एक चाल वाजवली, थांबले, आणि आपल्या घरच्या फिनिश भाषेत म्हणाले की दुकान छान आहे, फक्त शेगडी फार जवळ आहे. कॉफी कपाबाहेर गेली. एकोणऐंशी साली कुठलं दुकान होतं आपल्याकडे? कोणाशी बोलत होते ते?

मागे घेऊन उजवा कान स्पीकरला लावला. बाबांच्या वाक्याआधी थोडी जागा रिकामी आहे. त्या जागेत, टेपच्या खरखरीखाली, एक पुसट आवाज आहे. बाबा, दुकान कसं वाटलं, असं तो विचारतो. घोगरा, फाटका आवाज. शहाण्णव साली गळ्यावर चकती बसली, तेव्हापासून अख्ख्या प्रांतात असा आवाज एकाच माणसाचा आहे. एकोणऐंशी साली मी अकरा वर्षांचा होतो आणि चर्चमध्ये बारीक आवाजात गात होतो.

अजून पुढे ऐक. तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. तोवर नाही. दुसऱ्या दिवशी श्रीमती आल्टो गेल्यावर, एकदा नीट तपासावं म्हणून स्पूल पुन्हा लावलं. ती रिकामी जागा आली आणि शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून आपोआप तेच निघालं. तेच शब्द, त्याच क्षणी. आणि बाबांनी उत्तर दिलं. तू म्हणतेस ना, मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. मग हा आवाज कुठल्या वेढ्यावरचा?

मग मी शेल्फ हलवलं, म्हटलं बाबा सांगतायत तर बघू. मागची फळी कोळशासारखी काळी पडली होती, हात लावला तर भुसा पडला. आणखी आठवडा गेला असता तर तुला पत्र लिहायला दुकान राहिलं नसतं आणि कदाचित मीही.

मला भीती वाटत नाही, हे कसं सांगू? तेवीस वर्षं टाळ्या ऐकल्या आणि नंतर शांतता. मला कोणी काही विचारत नाही, ताई, मी काही विचारलं तर उत्तर देत नाही. बाबा देतात.

कळावे, लोभ असावा, आणि विश्वासही असावा ही विनंती.

तुझा,
वैक्को

*

थंडर बे,
५ डिसेंबर २०२३

चि. वैक्को यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून, तिसऱ्यांदा नर्स म्हणून. तू नको म्हणालास तरी मी तीच आहे.

फळीचं कळलं. शेल्फ हलवायची बुद्धी देवाने दिली हे बरं झालं. करपल्याचा वास तुझ्या नाकाला आला असणार आणि डोक्याने त्याचं वाक्य करून तुला ऐकवलं. डोकं असं करतं. तुमच्या टीममधला रोमेओ गॅन्यों आठवतो ना? त्याला फ्रीजमधून प्रेक्षकांचा गलका ऐकू यायचा. तो बायकोलाही फ्रीज उघडू द्यायचा नाही, सामना चालू आहे म्हणायचा. आम्ही सगळे हसलो होतो. दोन वर्षांत तो स्वतःच्या मुलींना ओळखेनासा झाला.

मी इथल्या डॉक्टरांशी बोलले आहे. ९ जानेवारीची वेळ मिळाली. तपासणी तीन दिवसांची आहे आणि त्यानंतर तू एकट्याने राहावंस की नाही ते ते ठरवतील. घरच्या माणसाने सही करायचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. दुकान आवर, वैक्को. माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. कॅसेटी आण हव्या तर.

आता ते सांगते, भेटीसाठी ठेवलं होतं ते. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. त्या हिवाळ्यात ते माळ्यावर कोणाशी तरी बोलायचे. वाजवायचे, थांबायचे, उत्तर द्यायचे. आईला कळलं. गिरणीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि ते सहा आठवडे इस्पितळात होते. तुला मासेमारीला गेलेत असं सांगितलं होतं. डोक्याला विजेचे झटके दिले. परत आले ते माणूस म्हणून बरे होते, पण ऑर्गनला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. गेले तोपर्यंतची चार वर्षं सॉनाच्या पायरीवर बसून काढली. तुझ्या पहिल्या मोठ्या मॅचला ते आले नाहीत म्हणून तू इतकी वर्षं रुसून आहेस. ते घाबरले होते, रे. रिंकमध्ये पाऊल टाकायला घाबरत होते.

मला दुसऱ्यांदा ते बघायचं नाही. ते स्पूल पुन्हा लावू नकोस.

लोभ कमी झाला असं समजू नये. लोभ आहे म्हणूनच हे सगळं.

तुझी,
सिर्काताई

*

लून हार्बर,
११ डिसेंबर २०२३

ताई,

नमस्कार. बाकीची अक्षरं आज हातातून उतरत नाहीत.

मासेमारीला गेलेत, असं चव्वेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. सहा आठवडे मासेमारी आणि घरी एकही मासा आला नाही, हे अकरा वर्षांच्या पोराला कळलं नाही, पण पन्नाशीच्या माणसाला कळायला हवं होतं. रुसवा सोडला. कोणाजवळ सोडू तेच समजत नाही.

फॉर्मवर सही करायची तर कर. तू सांगशील तर मी येईन, भांडणार नाही. डोकं सकाळी दुखतं. बार्नीचं आडनाव परवा दहा मिनिटं आठवलं नाही. हे लपवलं होतं, आता लिहिलं. डॉक्टर म्हणतील मी खुळा झालोय, तर असेनही. खुळ्या माणसाच्या दुकानालाही आग लागू शकते आणि खुळ्यालाही वडील असू शकतात.

पण सहीआधी एक कर. दुकानातला कॅसेट रेकॉर्डर यंत्राला जोडून त्या स्पुलाची कॅसेट केली, ती सोबत पाठवतोय. त्यात घोगरा आवाज येतो, तो तुला ऐकू आला नाही तर प्रश्नच मिटला, माझं डोकं गेलंय. आला तर मग तूच सांग. पुढचा भाग मी ऐकलेला नाही. वॉल्ट्झ संपल्यावर बाबा तुझं नाव घेतात. तिथे मी स्पीकर बंद केला, टेप चालू ठेवली. बहिणीचं पत्र फोडू नये एवढी अक्कल डोक्यात शिल्लक आहे.

बाकी तेरा स्पुलं शेपूट बाहेर करून ठेवली. दुकान फार शांत झालंय. श्रीमती आल्टो म्हणाल्या, आज काहीतरी कमी आहे.

लोभाचं तूच बघ.

वैक्को

*

थंडर बे,
१८ डिसेंबर २०२३

चि. वैक्को यास,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, पोस्टाची वाट बघवत नाही.

कॅसेट माझ्या जुन्या गाडीतच लागते, म्हणून वाणसामानाच्या दुकानाबाहेर गाडी उभी करून, भर दुपारी, मांडीवर बटाट्यांची पिशवी घेऊन ऐकली. तुझा आवाज मला ऐकू आला. पहिल्याच वेळी, स्वच्छ. तुझं डोकं जे काही असेल ते असो, हा आवाज त्यातला नाही. आधी हे लिहून टाकते, म्हणजे तुला पुढचं वाचायला धीर येईल.

मग वॉल्ट्झ झाला आणि बाबा म्हणाले, सिर्का, आलीस, बस.

त्या रविवारी मी तिथे होते, वैक्को. सोळा वर्षांची, आईचा कोट घालून, बाबांच्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी सिर्का म्हटलं आणि उजवीकडे बघितलं. तिथे एक रिकामी खुर्ची होती. माझ्या नावाने ते रिकाम्या खुर्चीशी बोलले, तिच्याकडे बघून हसले, आणि मी तिथेच होते. संध्याकाळी आईला कोणी सांगितलं असं तू विचारलं नाहीस, आणि मागच्या पत्रात मीही शिताफीने आईला कळलं असं लिहून मोकळी झाले. मी सांगितलं. बाबांना खुळ लागलंय असं मीच सांगितलं. पुढचं सगळं, ते इस्पितळ, ते झटके, ती सॉनाची पायरी, त्या एका वाक्यातून झालं. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पाद्र्याला सांगितलं नाही. आज तुला पहिल्यांदा, तेही कागदावर.

आता ऐक त्या टेपवर काय आहे. बाबा बस म्हणतात आणि मग रिकामी जागा. त्या जागेत एक पुसट आवाज आहे, म्हातारीचा. बाबा, आईला मी सांगितलं होतं, असं ती म्हणते. 'सांगितलं'मधला 'स' शिट्टी वाजवतो.

बटाटे गाडीभर झाले.

मग बाबा म्हणतात, माहीत आहे. तू घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाने कोणाला तरी सांगायलाच हवं. आता रडू नकोस, पट्ट्या ओल्या होतील. आणि ते माझा आवडता पोल्का वाजवतात. तो त्या दिवशी मला ऐकू आला नाही, मी जिना उतरून पळाले होते. पळणाऱ्या बुटांचा आवाजही आहे टेपवर. सोळा वर्षांची मी लांब पळत जाते आहे आणि बाबा वाजवतायत.

तीन दिवस मला झोप नाही. मी ते वाक्य अजून उच्चारलेलं नाही. कधीच उच्चारलं नाही तर? मग बाबा रिकाम्या खुर्चीशी बोलणार नाहीत, मी घाबरणार नाही, आईला काही सांगणार नाही आणि बाबा ऑर्गन वाजवत म्हातारे होतील. तोंड शिवून घरात बसावं, असं दोन दिवस वाटत होतं. फोनही घेतला नाही. पण उत्तर टेपवर आहेच, रे. ते देऊन बसलेत. मी कशाबद्दल बोलतेय ते त्यांना माहीत होतं, पुढे काय होणार तेही असेल. तरी त्यांनी खुर्चीकडे बघून हसून उत्तर दिलं. गप्प राहिले असते तर वाचले असते. ते गप्प राहिले नाहीत आणि मी चव्वेचाळीस वर्षं राहिले.

तेव्हा शनिवारी येते, ते वाक्य म्हणायला. नाताळ तुझ्याकडेच करू, पाव मी भाजून आणते, या वेळी वाळणार नाही. फॉर्म कोरा आहे. जानेवारीत डॉक्टरकडे जाऊ, पण दोघं मिळून, आणि दुकान बंद करायची भाषा मी पुन्हा काढणार नाही. बार्नीचं आडनाव लोझिन्स्की. हातावर लिहून ठेव.

आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं सांगते आहे, ते एक स्पूल उलटं गुंडाळून ठेव.

लोभ बाबांचाही आहे, असं कळावे.

तुझी ताई,
सिर्का

ता. क. यंत्राच्या उजव्या बाजूला एक खुर्ची मांड. डावीकडे नको, तिथे कोणीतरी बसलेलं आहे.